कुंदाआत्याचा डावा कान

माझ्या आत्याने टेलिफोन खात्यात आयुष्यभर लोकांना “कृपया थांबा” सांगितलं. त्यामुळे असेल, पण तिला स्वतःला कुणी थांबा म्हटलेलं अजिबात खपत नाही. गेल्या दिवाळीनंतर मुलुंड, भांडुप आणि घाटकोपरच्या बहुतेक मोबाइलवाल्यांना हे कळून चुकलं. दुकानात शिरायचं, पर्स काउंटरवर आपटायची आणि रांगेत कोण आहे ते न बघता विचारायचं, “भोक असलेला फोन आहे का?”

“कसलं भोक, आंटी?”

“हेडफोनची पिन घालायचं. पूर्वी सगळ्या फोनला असायचं. आता काय बुजवलंत?”

मी तिच्या मागे उभी. तिची भाची असल्याचं नाकारावं की काय, असा विचार करत. दुकानदार मग डबी उघडून शेंगदाण्याएवढे पांढरे गोळे दाखवायचा. “आता वायर कोण वापरतं? हे घ्या, नवीन आहे.” आत्या तो शेंगदाणा बोटांत धरून नाकाजवळ न्यायची, जणू वास घेऊन कळणार आहे, आणि परत डबीत टाकायची. “मी वापरते वायर. कोण विचारतोस काय?”

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईला निवृत्तीनंतर चळ लागला. आमच्या आईला तसंच वाटत होतं.

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी आमच्या वस्तीत गल्लोगल्ली गायन पार्ट्या होत्या. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण या गोष्टी आमच्याकडे इतक्या वेळा सांगितल्या जातात की मी तिथे हजर होते असंच मला वाटतं. आमच्या गल्लीच्या पार्टीत शिवदासदादा पेटी वाजवायचा आणि पुढे गायचा, ढोलकीवर कुणीतरी कंपनीतला माणूस, आणि मागे बायकांचा कोरस. त्या कोरसमध्ये कुंदाआत्या होती. नुकती नोकरीला लागलेली, दोन वेण्या घालणारी, ड्युटी बदलून घेऊन तालमीला धावणारी. अंधेरीच्या एका स्टुडिओत पार्टीची कॅसेट निघाली. महाडच्या तळ्याचं गाणं त्यात होतं. शिवदासदादानेच रचलेलं. तो गाणार, “ओंजळीत पाणी आलं,” आणि बायकांनी उचलून धरायचं, “आलं गं, आलं!”

पण स्टुडिओत एक गोष्ट घडली. बायकांचे दोन घोळके करून दोन माइकपुढे उभे केले. एकदा गाऊन झाल्यावर शिवदासदादाने आत्याकडे बोट केलं आणि म्हणाला, “कुंदा, तू मागे हो.” ती मागे झाली. “आणखी मागे.” होता होता ती दाराला टेकली. बाकीच्या सगळ्या माइकपाशी आणि ही एकटी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ. त्या दिवशी तिने गाणं पूर्ण केलं, घरी आली आणि पुन्हा कधी तालमीला गेली नाही. शिवदासदादा बोलवायला आला होता, तर ड्युटी आहे म्हणून सांगितलं. मग ड्युटी कायमचीच झाली. घरात काम करतानासुद्धा मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नाही.

मजा म्हणजे कॅसेटचा विषय निघाला की तीच छाती पुढे काढून सांगायची, “त्यात मी पण आहे!” आणि आई, म्हणजे तिची सुनंदावहिनी, पोळी लाटता लाटता म्हणायची, “दाखवा ना मग कुठे ते.” कॅसेट लावायची सोय होती तोवर शेकडो वेळा लावली असेल. आमच्या टेपवर शिवदासदादाचा आवाज आणि ढोलकी ऐकू यायची, आणि मागे बायकांचा एक गोळा. डाळीत डाळ, कोण तूर आणि कोण मूग काही पत्ता नाही. आई हसायची. आत्याही हसायची, पण नंतर बराच वेळ कुणाशी बोलायची नाही. ते मी पाहिलेलं आहे.

दिवाळीत शिवदासदादाच्या मुलीने पार्टीच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर ते गाणं पाठवलं. स्टुडिओवाल्याच्या घरून मूळ टेप मिळाली होती आणि तिने ती जाणकार माणसाकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. फाइल एवढी जड की आत्याच्या जुन्या फोनने ती उतरवून घेताना मान टाकली. कशीबशी उतरल्यावर आत्याने ती फोनच्या स्पीकरवर लावली, तर पुन्हा तोच गोळा.

“मित्रा,” ती मला म्हणाली. माझं नाव संघमित्रा, पण एवढं लांब नाव घ्यायला तिला वेळ नसतो. “स्पीकरवर माणूस काय बोलतो ते कळतं. कानाला लावलं की तो कुठे बसलाय ते पण कळतं. घरी आहे की ऑफिसात, एकटा आहे की बायको बाजूला उभी आहे. मी तीस वर्षं तेच केलंय. मला वायरवाला हेडफोन पाहिजे आणि तो लागेल असा फोन पाहिजे. मी त्या गाण्यात आहे की नाही, ते एकदा कळू दे यार.”

ती ‘यार’ म्हणाली तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

शेवटी माझ्या ऑफिसातल्या एका मुलाने अंधेरीचं एक दुकान सांगितलं. घाटकोपरहून मेट्रोने गेलो. दुकान कसलं, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पण भिंतभर हेडफोन टांगलेले आणि बसायला चक्क सोफा. मालकाचं नाव नंदकिशोर. पन्नाशीचा, गोल पोटाचा माणूस, आणि आवाज या विषयावर बोलताना त्याचे डोळे असे चमकायचे की बाहेर आग लागली तरी त्याला कळलं नसतं. आत्याने नेहमीप्रमाणे भोकाची चौकशी केली. तो हसला नाही. उलट उठून उभा राहिला.

“बाई, तुम्ही पहिल्या गिऱ्हाईक ज्यांनी स्वतःहून विचारलं.”

त्याने काचेखालून एक लांबट काळा फोन काढला. खास गाणी ऐकणाऱ्या लोकांसाठी बनवलेला. वरच्या कडेला पिन घालायची जागा, आत आवाजासाठी वेगळी चिप. “बाकीचे फोन आवाज दाबतात, फुगवतात, वर साखर घालतात,” नंदकिशोर म्हणाला. “हा फाइलमध्ये जे आहे ते तसंच कानात देतो. स्वतःची अक्कल चालवत नाही.”

“असा माणूससुद्धा मिळत नाही हो,” आत्या म्हणाली.

“तुम्ही काय ऐकणार यावर?”

“मला.”

नंदकिशोर क्षणभर गोंधळला, पण मग तिने सगळी हकिकत सांगितली आणि तो आमच्याहून जास्त उतावीळ झाला. त्याने स्वतःच्या हाताने एक मोठा हेडफोन तिच्या कानांवर बसवला, मऊ वाट्या असलेला, वायरवाला. फाइल नव्या फोनवर घेतली. गाणं सुरू झालं. आत्याने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

“अगं, शिवदासदादा श्वास घेतोय!” ती किंचाळली. हेडफोन घातलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे हे खालच्या मजल्यापर्यंत गेलं असणार. “पेटीचा भाता ऐकू येतोय! फाटका होता तो, तसाच फुसफुसतोय!” कोरस यायच्या आधीच तिने डाव्या कानावरची वाटी मागे सरकवली आणि नंदकिशोरला म्हणाली, “बांधा. दोन्ही बांधा. बाकीचं मी घरी ऐकते. इथे नको.”

मला तिचं म्हणणं कळलं. असली गोष्ट परक्या सोफ्यावर बसून ऐकायची नसते. परत येताना मेट्रोत ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि समोरच्या बाईने सहज बघितलं तरी सांगत होती, “फोन आहे. गाण्यांचा.” मी तिला एवढी खूश कधी बघितली नव्हती. पेन्शनचा पहिला मेसेज आला तेव्हासुद्धा नाही.

पुढचे काही दिवस आमच्या घरात नुसता दंगा. आत्या खिडकीतल्या खुर्चीत बसून ऐकायची आणि मिनिटामिनिटाला बातम्या द्यायची. ढोलकीवाल्याच्या बोटात अंगठी होती, ती टणकन वाजते. मीरा खोकते, आणि खोकला दाबायचा प्रयत्न करते. कुणाच्या तरी काचेच्या बांगड्या प्रत्येक “आलं”ला किणकिणतात, “त्या नलूच्या, नवीन लग्न झालेलं ना तिचं!” एकेका बाईला ती आवाजावरून ओळखत होती आणि त्या जणू आत्ता आमच्या स्वयंपाकघरात चहाला बसल्यात अशी त्यांच्याबद्दल बोलत होती. कोण वर्गणी द्यायची नाही, कोणाचा नवरा तालमीला येऊन दारात बसायचा. मीसुद्धा ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, “आज कोण सापडलं?”

एकच बाई सापडत नव्हती.

“तुम्ही सापडलात का हो?” आईने विचारलं. नेहमीच्याच सुरात, पण या वेळी आत्या हसली नाही.

“ऐकतेय अजून.”

मग बातम्या कमी झाल्या. खुर्चीत बसणं कमी झालं. एका रविवारी सकाळी मी उठले तर फोन आणि हेडफोन दोन्ही परत खोक्यात भरलेले, वर रबरबँड. आत्या डाळ-तांदूळ निवडत होती. आई मटणाचं वाटण करत होती.

“त्या नंदकिशोरला विचार, परत घेतो का,” आत्या म्हणाली. “आजकाल घेतात म्हणे जुने.”

“जुना? आठवडाच तर झाला!”

“मी नाहीये त्यात, मित्रा. सगळ्या आहेत. मीरा आहे, नलू आहे, तिचा खोकला, हिच्या बांगड्या. मी नाही.” तिने ताटातला एक खडा उचलला आणि तो कुठे टाकायचा ते न सुचून हातातच ठेवला. “दाराशी उभी केली तेव्हाच कळायला पाहिजे होतं. एखाद्या बाईचा आवाज नकोच असेल तर तिला दाराशीच उभी करतात. मी आपली जन्मभर सांगत फिरले, मी पण आहे, मी पण आहे. येडीच.”

आईचा वाटणारा हात थांबला. आई बोलायला फटकळ आहे, पण दगड नाही. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे, बस तिच्याजवळ.

मला राग आला. कुणाचा ते विचारू नका. शिवदासदादाचा, स्टुडिओवाल्याचा, त्या महागड्या फोनचाही. एवढी वेगळी चिप घालून ठेवलीय तर एका बाईचा आवाज शोधता येईना? मी रबरबँड काढला, हेडफोन कानांवर बसवला आणि गाणं लावलं. मी ते याआधी नीट ऐकलंच नव्हतं. ऐकायचं काम आत्याचं, मी फक्त बातम्या घेणारी. म्हटलं, सगळ्या बायका कशा गातात ते तरी कळू दे.

तुम्हाला खरं सांगते, अंगावर काटा आला. शिवदासदादा बरोबर मधोमध उभा आणि दोन्ही बाजूंनी बायका. गोळा नाही, बायका. उजवीकडचा खोकला आला, बांगड्या आल्या. मी हसले. दुसऱ्या कडव्यानंतर मी वाटी उचलून आत्याला म्हटलं, “तुमच्यातली ती डावीकडची कोण गं? बाकीच्या थांबल्या तरी हिचा ‘गं’ संपतच नाही. लांबून गाते, पण केवढा खणखणीत!”

आत्या खडा घेऊन तशीच बसली. “डावीकडे? डावीकडे कुठे बायका आहेत? डावीकडे काहीच नाहीये.”

“आहेत की! निम्म्या तिकडेच आहेत.”

“काय बोलतेस? मी आठवडाभर ऐकतेय.”

“आत्या,” मी म्हटलं, “तू हे घाल बरं. मला दाखव कशी ऐकतेस.”

तिने हात पुसले आणि हेडफोन घेतला. उजवी वाटी उजव्या कानावर नीट बसवली. आणि डावी वाटी, अगदी सहज, केस मागे सारावेत तशी, कानाच्या मागे ढकलून दिली. डावा कान उघडा.

“अशीच ऐकतेस?”

“मग कशी ऐकणार? एक कान मोकळा ठेवायला लागतो. सुपरवायझरने हाक मारली तर?”

आमच्या घरात सुपरवायझर! निवृत्त होऊन किती काळ लोटला, आणि ही बाई अजून डावा कान खात्याला देऊन बसली होती. एक्स्चेंजमध्ये त्यांना एकाच कानाचा हेडसेट असायचा. तिला वाटलं, दुसरी वाटी कंपनीने उगाच दिलीय, तोल राहावा म्हणून. रोज मी तिला तशी बसलेली पाहत होते आणि मला वाटत होतं, बेल ऐकू यावी म्हणून असेल. आम्ही दोघी अकलेचे कांदे, तिसरा तो नंदकिशोर.

मला हसू फुटत होतं पण मी ते गिळलं. तिच्या मागे गेले, डावी वाटी उचलली आणि तिच्या कानावर ठेवली. दोन्ही हातांनी दाबून धरली. आईला म्हटलं, गाणं पहिल्यापासून लाव.

मला काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त तिच्या मानेकडे बघत होते. आधी ती ताठ होती. शिवदासदादाची ओळ झाली असावी, कारण तिचे ओठ हलले. मग कोरस आला असणार. तिची मान डावीकडे वळली, आमच्या फ्रिजच्या दिशेने, कुणीतरी तिथून हाक मारल्यासारखी.

“ही मी,” ती म्हणाली. मग ओरडली, “वहिनी! ही मी! हा ‘गं’ माझा! शिवदासदादा शिव्या घालायचा त्याच्यावरून, एवढा ओढू नको म्हणून! मी! अगं, मीच आहे ही!”

ती खुर्चीतून उठली, वायर ताणली गेली, फोन डाळीच्या ताटात पडला. डाळ सगळीकडे. कुणी उचलली नाही. ती रडत होती आणि हसत होती आणि मधेच “आलं गं” म्हणत होती, आणि मीही रडत होते, कबूल करायला मला लाज नाही. “किती तरुण आहे गं मी,” ती म्हणाली. “आणि मला वाटायचं, माझा आवाज वाईट होता. हा वाईट आवाज आहे? सांग ना मला, हा वाईट आहे?”

मग आईने हात पुढे केला. तिखटाचे हात पदराला पुसून तिने हेडफोन घातला, दोन्ही कानांवर, आणि डोळे मिटून ऐकलं. आईला गाण्यातलं काही कळत नाही. पण ‘गं’ आला तेव्हा तिने डोळे उघडले आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “कुंदाताई, तुम्ही तर सगळ्यांना खाऊन टाकलंत की हो!”

आत्याने तिथल्या तिथे शिवदासदादाला फोन लावला. जुन्या फोनवरून, स्पीकर सुरू करून. तो आता घाटकोपरला मुलीकडे असतो.

“जय भीम, दादा. कुंदा बोलतेय.”

“जय भीम! कोण कुंदा? टेलिफोनवाली? अगं, जिवंत आहेस का?”

“ते नंतर. आधी मला सांग, स्टुडिओत मला दाराशी का उभं केलं होतंस?”

तिकडे म्हातारा हसायला लागला. “म्हणजे काय? अगं, तू माइकजवळ उभी राहिलीस की बाकीच्या गायब व्हायच्या. रेकॉर्डिंगवाल्याच्या मशीनचा काटा थेट लाल रंगात जायचा. तो मला म्हणाला, हिला खाली रस्त्यावर उभी करा, तरी आवाज येईल.”

“मग तेव्हा बोलायला काय झालं होतं?” आत्याचा आवाज फाटला. “एक वाक्य, दादा. एक वाक्य बोलला असतास, तर मी गायचं सोडलं नसतं. मला वाटलं, मी नको आहे तुम्हाला. एवढी वर्षं मला तेच वाटत राहिलं.”

आई आणि मी एकमेकींकडे बघत होतो.

“मला वाटलं, सांगितलं तर तू आणखी जोरात गाशील,” शिवदासदादा म्हणाला. आता तो हसत नव्हता. “चुकलंच माझं, कुंदे. मी बोलवायला आलो, तू ड्युटी म्हणालीस. मला वाटलं सरकारी नोकरी लागली, आता हिला आमच्यात कमीपणा वाटतो.”

“कमीपणा? मला?”

“मग मला काय माहीत?”

तोच पुढे म्हणाला, “दर रविवारी संध्याकाळी आमची बसायची वेळ असते. चार म्हातारे जमतो. मीरा येते. येशील?”

“आवाज राहिलाय का माझा आता? मी भाजीवाल्याला हाक मारते तेवढंच.”

“ते तू मला सांगू नको. गाऊन दाखव.” आणि फोनमधून खुर्ची सरकल्याचा, मग पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. “काळी दोनची पट्टी. आठवतंय ना? मला हल्ली ऐकायला कमी येतं, तेव्हा लाजू नको. मोठ्याने गा.”

पेटीचा सूर आला. आत्याने पदर खांद्यावर घट्ट केला, घसा खाकरला आणि पायांनी डाळ बाजूला सारून खोलीच्या अगदी मधोमध उभी राहिली. शेगडीवर कुकर शिट्टी द्यायच्या बेतात होता. आई पळत गेली आणि तिने गॅस बंद केला.